दाराअलीकडे

तौनोनं लिहिलेल्या नियमांत
पान त्रेचाळीस: उंचावरून पडल्यास
दर दहा फुटांना एक फासा.
मंगळवारी, सायकल-दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत
तो म्हणाला, मॉन्ट्रियलला नोकरी लागली,
आणि सिर्क्कू मान खाली घालून
ताम्पेरे ते मॉन्ट्रियल फुटांत मोजू लागली.
एवढे फासे घरात नव्हते. गावातही नसावेत.

खेळात आम्ही नऊ महिने
एका बुडालेल्या दीपगृहाच्या दाराशी
वाद घालत उभे.
आत काय, ते त्यालाच ठाऊक.
निदान कागद तरी ठेवून जा, म्हटलं.

त्यानं लोकरी हातमोज्यातून फासे ओतले,
एक खिशात टाकला,
बाकीचे आमच्याकडे सरकवले.
कागद कसला, म्हणाला,
तुम्ही दार ढकललंत की मग मी बघणार होतो.

नऊ महिने!
कान लावून आम्ही ऐकायचो
तो आतला श्वास
मग त्याचाच.

खाली ट्राम वळली.
आंतेरोनं कुणाला न विचारता दिवा मोठा केला.
मी म्हटलं, ढकलते.
आणि तौनो, अंगातला कोट न काढता,
परत बसला
फक्त बिजागरीचा आवाज
करून दाखवायला.