उघाडी

पोशाराम म्हात्रे चिठ्ठी काउंटरवर ठेवतात,
ओली. त्याच खिशात मघाशी कोलंबी होती.
"गोली बदलली डाक्टरनी. खोकल्यापायी."

जुन्या गोळीनं दाब उतरला होता,
पण दीड महिना कोरडा खोकला,
रात्री असा की बायकोनं उशी उचलून पडवी गाठली.

नवी: टेल्मिसार्टन, चाळीस. सकाळी एक.
"ही काय करते?"
ह्या माणसाला डब्यावरचं वाचून सांगता येत नाही.
चाळीस वर्षं त्यानं शहापूरच्या बांधावर
उघाडी राखली आहे.

म्हणून सांगते:
मूत्रपिंडाला वाटतं, पाणी कमी पडलं.
ते रक्तात सांगावा सोडतं.
वाटेत फुफ्फुसात त्याला धार लागते,
मग तो नसांच्या दारांवर थडकतो:
आवळा. मीठ धरा. पाणी सोडू नका.
जुनी गोळी धार लावू देत नव्हती,
पण तिथंच जो कचरा एरवी झाडला जातो
तो साठला आणि घशात आला.
ही सांगाव्याला हात लावत नाही.
फिरू दे म्हणते. फक्त दारात बसते.

"म्हंजे झडप."
झडप.
"न् भायेर पाणी चढला तं?"
चढतंच, काका. उलट जास्त चढतं.
दार धरलेलं असलं की झालं.

ते गप्प. खांड गेली ते साल असावं डोळ्यांसमोर,
भातात खार शिरलेलं, लोंबी पांढरी.

रोजचं शहाळं बंद, मी म्हणते, पोटॅशियम साठतं.
पंधरा दिवसांनी रक्त तपासा.
गुडघ्याची गोळी मनानं घेऊ नका.
ते मान हलवतात, निघता निघता थांबतात:
"सुनेचा पन दाब चढतो. हीच देऊ तिला?"
कितवा तिला?
"पाचवा."

माझा हात पट्टीवरून निघत नाही.
तिच्यापासून ही लांब ठेवा. उंच फळीवर.
तिला आज, आजच दवाखान्यात न्या.
"पोरापावत जाते?"
पोराच्या मूत्रपिंडापर्यंत.

ते नोटा मोजतात, दोनदा.
मग पायरीवरून वळून,
जणू मीच काही चुकले होते:
"उघाडी नुस्ती अडवत नाय, बाय.
व्हटीला आतला पाणी जाव देते.
म्हनून तं उघाडी."

काउंटरवर चिठ्ठीचा ओला चौकोन,
कोलंबीचा वास दुपारपर्यंत.