पाटी

पहिला नमुना दलदलीत रुतला
तेव्हा त्याला ओढून काढलं
शेजारच्या बटाटेवाल्याच्या ट्रॅक्टरनं.
ते बिल अजून फायलीत आहे:
डिझेल, दोन तास, एक कॉफी.

पुढे ती सहा चाकांची पेटी
ठेचा खात शहाणी झाली.
पोट होडीच्या तळासारखं निमुळतं केलं,
सुरुंगाचा धक्का दोहों अंगांनी वाहून जावा म्हणून.
तो सांधा हिल्क्काचा.
हिल्क्कानं जोडलेलं पोलाद कुठे जोडलंय
हे क्ष-किरणांनाही चटकन सांगता येत नाही.
आसनं छताला टांगली,
जमीन फाटली तरी माणूस पाळण्यात राहावा.

मग एकेक देश येत गेला.
एकट्याला महाग, चौघांत परवडेल;
पण चौघांनी मिळून विहीर खणली
की पाण्याआधी दोरावरून भांडण.
स्वीडनच्या टोर्ब्यॉर्नला गुडघ्यांपुढे चार बोटं जागा जास्त हवी,
त्यांची पोरं ताडमाड.
जर्मनीच्या ओस्टरटागबाईंनी हिरव्या रंगाचे नऊ तुकडे
खिडकीपाशी नेऊन उन्हात पाहिले, मग ढगात पाहिले.
लाटव्हियाची दाइगा एवढंच म्हणाली,
निम्म्या गाड्या आमच्या गावात जुळतील,
आमच्या हातांनी. नाहीतर सही नाही.
आणि पाण्याची बाटली उघडून शांतपणे पीत बसली.

अकराशे चाळीस पानं झाली.
तेव्हा कुणाला तरी आठवलं,
मागच्या दाराशी, आतून, काय लिहायचं?

ते काम ओइवाकडे आलं.
ओइवा पाट्या कोरतो. साठी उलटलेली,
एक कान बहिरा, टेबलावर नेहमी राईची पाव-कड.
बारा सेंटिमीटरांची ॲल्युमिनियमची पट्टी,
तिच्यावर चार भाषांत एकच शब्द: बाहेर.
उलोस.
ऊत.
आरा.
राउस.
(मी हे ज्या भाषेत लिहितेय
तिच्यात ऊत येतो दुधाला,
आणि आरा असतो चाकाचा.
दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात;
इथे दर ओळीला बदलली,
तरी चारही जणी दाराकडेच निघालेल्या.)

छापील स्टिकर लावा, म्हणालं खर्चाचं खातं. स्वस्त पडेल.
ओइवा म्हणाला, नाही. अक्षरं उठावाची.
दर पाटीमागे चार युरो दहा सेंट जास्त,
गुणिले शेकडो गाड्या.
कारण द्या, असं पत्र आलं.

त्यानं कारण लिहिलं नाही.
गाडी चालवत बैठकीला गेला, टोपी हातात,
आणि उभ्यानंच सांगितलं:
एकोणिसाव्या वर्षी, सक्तीच्या नोकरीत,
मार्चमधल्या एका सरोवरावर आमच्या गाडीखालचं बर्फ गेलं.
जुनी गाडी. दिवा पहिल्याच घोटाला विझला.
कडी कुठे ते मला ठाऊक होतं,
आदल्या दिवशी मीच तिला तेल दिलं होतं.
रेइमाला ठाऊक नव्हतं.
तो उलट्या भिंतीवर हात फिरवत होता.
भिंत गुळगुळीत होती.

तो एवढंच बोलला.
दुभाष्यांनी आपापल्या कानांत ते पोचवलं,
कुठे आधी, कुठे थोडं मागाहून;
म्हणून टेबलावर शांतता
एकदम नाही, एकेका खुर्चीवर उतरली.
ओस्टरटागबाईंनी पेनाचं टोपण काढलं.
परिशिष्ट सतरा, कलम क.
टोर्ब्यॉर्ननं विचारलं, मातकट हातमोज्यातून कळेल का?
ओइवानं अर्धा मिलिमीटर उंची आणखी वाढवली.

काल दाइगाच्या गावाबाहेर सराव होता.
डोळ्यांना पट्टी, दहा जण, गाडी तिरकी लावलेली.
झाने नावाची एक मुलगी, नाक वाहतंय,
हात भिंतीवरून पुढे पुढे.
बोट पहिल्या ओळीवर अडखळलं, दुसरीवरून घसरलं,
तिसरीवर थांबलं.
आ
रा.
त्याच्या डावीकडे वीतभर, कडी.

दार आधी थोडं कुरकुरलं.
बाहेर चिखल होता, आणि स्टॉपवॉच धरलेला सार्जंट,
तो ओरडला: अकरा सेकंद! पुन्हा!