मागचा दांडा

किसुमूत, किबुयेच्या बाजारामागं
पत्र्याच्या शेडखाली मी लोखंड जोडतो.
आमच्या धंद्याला इथं जुआ काली म्हणतात, म्हणजे कडक ऊन.
फाटकं, खिडक्यांचे गज, कोंबड्यांचे पिंजरे,
आणि वर्षाकाठी चार-पाच
हातानं पेडल मारायच्या तीनचाकी.

अपोंडीची गाडी मी मन लावून केली होती.
दोन भंगार सायकलींच्या चेन,
डाव्या कुशीला जाड उशी, कारण तिचा कणा तिकडं झुकतो,
सुक्या मासळीच्या टोपलीला कठडा.
आणि पाठीमागं दांडा,
धनुष्यासारखा वाकवलेला, वर रबर चढवलेलं,
ढकलणाऱ्याच्या तळहाताला फोड येऊ नयेत म्हणून.
त्या दांड्याचा मला फार अभिमान होता.

तीन आठवड्यांनी ती आली. एकटीच.
कोपरापर्यंत ग्रीस, कपाळावर घाम.
तिचं पोटही हातावर, पायही हातातच.
"ओकेलो, करवत काढ."
मला वाटलं, ब्रेक. ब्रेकची कुरकुर सगळेच करतात.
"हा दांडा काप."

मी म्हटलं, चढ आहेत, चिखल आहे,
कुणी मदतीला आलं तर धरणार काय?

"कुणी आलं तर आधी समोर येईल.
मागं दांडा दिसला की लोक विचारत नाहीत, धरतात.
काल पतपेढीसमोर उभी होते,
बरं, बसले होते, हसू नकोस,
सावलीत पैसे मोजत होते.
एका भल्या माणसानं मला ढकलत रस्त्यापलीकडं नेलं,
देव भलं करो म्हणाला, आणि गेला.
मला पलीकडं जायचंच नव्हतं.
चाळीस शिलिंग मांडीवरून सांडले,
ते अलीकडंच राहिले."

मी कापला.
ठिणग्या तिच्या पदरी येऊ नयेत म्हणून पोतं धरलं,
तर तिनं पोतं बाजूला सारलं, तिला बघायचं होतं.
दांडा जमिनीवर पडला, टण्ण,
आणि थोडा वेळ गरमच राहिला.
तिनं हात मागं नेऊन खुंट चाचपला.
"घास. टोचतंय."
मी कानशीनं घासला.

त्याच संध्याकाळी तिची बहीण आविती शेडमध्ये आली.
बारा वर्षं तिनंच ढकललं होतं,
शाळेत, दवाखान्यात, बाजारात, चर्चमध्ये,
आधीच्या त्या इस्पितळाच्या खुर्चीवरून.
"कुठं आहे ती?"
मला काय माहीत, म्हटलं.
ती फाटकापर्यंत गेली, परत आली,
अर्धवट जोडलेल्या बाकावर बसली.
मग स्वतःचे तळवे उलटसुलट करून पाहत म्हणाली,
"ती कुठं आहे हे मला माहीत नाही,
असं आज पहिल्यांदाच होतंय."
तो राग होता का, मला नीट कळलं नाही.
तिनं माझ्याकडं चहा मागितला. दोन कप प्याली.

अंधार पडता पडता चेनचा खडखड आवाज आला.
टोपली रिकामी, चाकांना सरोवराकाठची ओली वाळू.
"कुठं होतीस?"
"होते," अपोंडी म्हणाली.
एवढंच.
दोघी पुढं निघाल्या. आविती शेजारून चालत होती,
आणि तिच्या हातांना कुठं जावं ते सुचत नव्हतं.
शेवटी तिनं ते पाठीमागं बांधले,
एखाद्या साहेबासारखे.

तो दांडा अजून माझ्याकडं खिळ्याला टांगलाय.
त्यावर मी सदरा वाळत घालतो.
आता कुणी गाडी मागायला आलं
की मी स्टूल ओढून खाली बसतो,
सोबत आलेल्या मामा-काकांना जरा थांबवतो
आणि ज्याला बसायचंय त्यालाच विचारतो, दांडा हवा?
कुणी नको म्हणतं. कुणी हवाच म्हणतं,
एक म्हातारे तर म्हणाले, दोन लाव.

परवा एक पोरगा आला, ओदेरो, चौदा वर्षांचा.
खूप विचार करून म्हणाला,
"हवा. पण मी म्हणेन तेव्हाच."
सध्या तेच काम चाललंय.
दोन नळ्या, एकीत एक सरकणाऱ्या,
आणि पंखवाले दोन नट.
नट मी आधी मागच्या बाजूला लावले होते,
ढकलणाऱ्याच्या सोयीनं. जुनी सवय.
आज ते उपटून काढले.
ओदेरोचा उजवा हात मागं कुठवर पोचतो
ते टेपनं मोजून घेतलंय,
खडूनं खूण केलीय.