खाली तिरका, वर सरळ

बोगनवेलीची काडी पेन्सिलीएवढी जाड घ्यायची,
चार डोळ्यांची.
खालचा काप तिरका, वरचा सरळ,
म्हणजे घाईत उलटी रोवली जात नाही.
दोन डोळे मातीत, दोन बाहेर.
मिरजेच्या नर्सरीत पहिल्या दिवशी
भूपाल मगदुमांनी मला एवढंच शिकवलं
आणि चहा मागवला.

उलटी लागली तर? मी विचारलं.
वाळते, म्हणाले.
काडीला कळतं वर कुठं, खाली कुठं.
माणसाला काप बघावा लागतो.

शंकासुराच्या बीचं तसं नाही.
तिला नेलकटरनं कडेला जरासं टोकरायचं,
रात्रभर कोमट पाण्यात ठेवायचं,
सकाळी फुगेल ती पेरायची,
टणक राहील तिला परत नेलकटर.
मगदुमांच्या खिशात ते कायम असायचं,
नखं मात्र वाढलेली, मातीनं काळी.

काड्या ते कधी विकत आणत नसत.
दवाखान्याच्या कुंपणावरून तगर,
रेल्वे क्वार्टर्सच्या मागून लाल कण्हेर,
विश्रामबागेत एका डॉक्टरीणबाईंच्या गेटावरून
ती जांभळी बोगनवेल.
मागून आणलेली रुसते, म्हणायचे,
न विचारता आणलेली धरते.
खरंखोटं करायला मी एकदा
रीतसर बेल वाजवून, विचारून आणली.
तीही धरली.
मी त्यांना सांगितलं नाही.

दिवाळीच्या तोंडाला साहेब आले.
सांगली-मिरज रस्त्याच्या दुभाजकासाठी
आठशे रोपं, सव्वीस जानेवारीच्या आत.
पंधरा दिवसांत काड्यांना पानं फुटली,
साहेबांनी फोटो काढला.
मगदूम म्हणाले, ही पानं उधारीची.
काडी आपल्याच अंगातलं खाऊन हिरवी दिसते,
खाली मूळ नसतं अजून.
ज्याला दम निघत नाही तो उपटून बघतो,
आणि जे धरत असतं तेच तुटतं.

मी उपटून बघितली.
एकच, संध्याकाळी, सगळे गेल्यावर.
तिरक्या कापावर तांदळाच्या कणीएवढा
पांढरा फुगवटा.
परत रोवली, पाणी दिलं.
ती गेली.
सातशे नव्याण्णव गेली रस्त्यावर,
मी अजून आठशे म्हणते.

बी म्हणजे नवा माणूस, मगदूम म्हणायचे,
कुणावर जाईल सांगता येत नाही,
लालच्या पोटी पिवळा शंकासूर निघतो.
काडी म्हणजे तोच माणूस,
फक्त पत्ता बदललेला.

यावर आमच्या मंगलताई हमखास म्हणायच्या,
बाईचा जन्म असाच गं, रोपासारखा.
मला ते पटत नाही.
मला कुणी छाटून आणलं नाही,
मी तासगावहून एसटीनं आले, तिकीट काढून.
आणि छाटलेल्या झाडाचं कुणी विचारतं का?
काप बसला तिथं
त्याला दोन फुटवे येतात.

डॉक्टरीणबाईंचं घर मागच्या उन्हाळ्यात पाडलं.
गेट भंगारात, वेल ट्रॉलीत, मुळासकट.
आता तिथं पार्किंग आहे.
मगदूम गुडघ्यांपायी आष्ट्याला लेकीकडे असतात,
फोनवर आधी रोपांचं विचारतात, मग माझं.
मी बातमी दिली.
ते म्हणाले, कोणती वेल?
दुभाजकावर आहे की.

आहे.
धुरात, हॉर्नमध्ये, टँकर आला तर पाणी,
नाहीतर नाही,
आणि मार्चात अशी जांभळी
की सिग्नल सुटलेला कळत नाही.

परवा रात्री मी तिथं कात्री घेऊन उभी होते.
शिट्टी वाजली.
ओ बाई, कुणाला विचारून तोडताय?
कुणालाच नाही, म्हटलं.
हवालदार जवळ आला, काड्या बघितल्या,
ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या.
मग आवाज उतरवून म्हणाला,
मला बी एक द्या की,
क्वार्टरच्या दारात लावतो.

दिली असती.
पण मगदुमांची आठवण झाली.
मी फडकं कठड्यावर उघडंच ठेवलं
आणि येणाऱ्या गाड्या बघत
पाठ करून उभी राहिले.