काना

क्षेत्रीय कार्यालयाचे एकोणचाळीस अर्ज माझ्या वाट्याला आले.
नळजोड, जन्मदाखला, कुत्र्याचा परवाना,
मांडव घालायची परवानगी, झाड तोडायची,
आणि शेजाऱ्याने तोडलं त्याची तक्रार.
सगळ्यांत तेच: वर लेबल, खाली चौकट,
चौकटीखाली लाल अक्षरांत चूक.
आधीच्या मुलाने एकेक हाताने लिहिलेलं.
'आडनाव' तीन तऱ्हांनी,
एके ठिकाणी 'आडनांव', जुन्या अनुस्वारासकट,
बहुधा रात्री अडीचला.

बाणेरच्या सातव्या मजल्यावर बसून
मी एक मेथड लिहिली. जेमतेम आठ ओळी.
तिला म्हटलं, मी फक्त रकान्याचं नाव सांगेन,
चौकट, तारांकन, चुकीचा निरोप, सगळं तू बघ.
फायली आकसत गेल्या
गच्चीत वाळणाऱ्या कुरडयांसारख्या.
संध्याकाळी मी स्वतःला एक कोल्ड कॉफी पाजली.

बाबा संगम पुलापाशी, आरटीओच्या कुंपणाला टेकून
लोकांना अर्ज लिहून द्यायचे.
त्यांच्याकडे एक रबरी शिक्का होता:
'मा. साहेबांचे सेवेशी, विनंतीपूर्वक अर्ज करतो की'
जांभळ्या शाईत एवढं उमटवायचं, पुढचं हाताने.
बाई आली, तर 'करतो'चा काना पेनाने खोडायचे,
मात्रा तेवढी ठेवायची. करते.
मी शाळेतून येताना विचारलं,
दुसरा शिक्का का नाही करून घेत?
म्हणाले, समोर कोण उभंय ते बघायची
तेवढीच सवय राहते.

मंगळवारी येरवड्याहून मुलाणींचा फोन.
खिडकीपाशी यमुना वाल्हेकर नावाच्या बाई आहेत,
'वडिलांचे / पतीचे नाव' भरणार नाही म्हणतात.
दोन्ही नाही. अर्ज पुढे सरकत नाही.
कारण विचारू नका, मॅडम. मी विचारलं, चुकलं माझं.

मी मेथड उघडली.
'सक्तीचे' हा एक शब्द काढला
आणि एकोणचाळीस अर्जांतून
एकदमच तारांकन गळालं.
चाचण्या हिरव्या. टीममधल्या कुणीतरी
अंगठा पाठवला.

मग जुन्या फायली चाळताना दिसलं,
त्या अडीच वाजताच्या मुलाकडून
सात अर्जांत तारांकन टाकायचं राहूनच गेलं होतं.
नळजोडाचा त्यातलाच एक.
तिथून त्या बाई मुकाट पुढे गेल्या असत्या.
ती सात दारं मी लावली होती,
नीटनेटकेपणाच्या भरात,
आठ ओळींत,
सगळीकडे सारखी.

दुपारी पुन्हा मुलाणी.
झालं मॅडम. पावती घेऊन गेल्या.
मी विचारलं, काही म्हणाल्या?
तुम्हाला काय म्हणणार, मुलाणी म्हणाले,
आणि लाईन तशीच ठेवून
पुढच्या माणसाला म्हणाले, बोला.