नऊ वांगी

शाळेमागं मोकळी जागा होती, म्हणजे
फुटकी कौलं, गुटख्याच्या पुड्या,
एक मेलेला हातपंप, आणि मुरूम.
धारूरच्या डोंगराचा मुरूम:
टिकाव मारला की टिकावच ओरडतो.

पहिल्या रविवारी सात जणांचा चहा सांगितला होता.
आले तिघं.

नजीरचाचा टेलर, गळ्यात टेप तशीच.
वाफा मोजला आणि सवयीनं म्हणाले,
"लांबी बहात्तर, कंबर छत्तीस.
थोडं ढिल्लं ठेवू का, सर? वाढतं अंग हाय."

रिटायर कंडक्टर धोंडिबा केकाण,
तिकिटाचा जुना पंच घेऊन.
जुन्या लग्नपत्रिकांच्या पाट्या केल्या आम्ही,
एका अंगाला चि. सौ. कां., दुसऱ्या अंगाला मेथी.
त्यानं भोकं पाडली, सुतळी ओवली,
दर रोपापाशी थांबून विचारलं, "कुठं जायचं?"
आणि स्वतःच म्हणाला, "वर."

आणि चंद्रकलाबाई, खिचडीवाल्या.
त्यांनी काही विचारलं नाही.
घरून तांदूळ धुतल्याचं पाणी आणलं बादलीभर
आणि आम्हा तिघांकडं असं बघितलं
की आम्ही बाजूला झालो.

पाणी म्हणजे: त्रेसष्ट लेकरं, दोन तोट्या.
हात धुतले ते पाणी, ताटं विसळली ते पाणी
एका फुटक्या पाइपातून वाफ्यात जायचं.
दुसरीतल्या अथर्वला हे कळलं तेव्हापासून
तो दिवसातून अकरा वेळा हात धुतो.
"वांग्याला तहान लागली, सर."

शेळ्या आल्या. एकदा, मग रोज.
त्यातली एक सरपंचांची, म्हणून तक्रार तोंडी ठेवली
आणि बोरीच्या काट्या आणल्या.
मुळा उगवलाच नाही.
कोथिंबीर उगवली, ती कुणीतरी रात्री नेली.
चंद्रकलाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या,
ज्याच्या घरी वरण असंल त्यानंच नेली असंल."

वांग्याचा वाफा कोमल मिसाळचा. तिसरी.
रोप तिनंच आणलं होतं,
आजीच्या उकिरड्याकडंचं, काटेरी देठाचं.
शाळा सुटली की पानं उलटून किडे वेचायची,
काडेपेटीत भरून दाखवायची:
"सर, आज चौदा."

दिवाळीनंतर ट्रॅक्टर आला.
तिचं हमी कार्ड मी लिहून दिलं,
उंची, वजन, इयत्ता.
वाफ्याचा रकाना त्यात नाही.
कोपीच्या सामानावर बसली होती, मांडीवर भाऊ,
शाळेपाशी येताच काहीतरी ओरडली.
मला वाटलं, "येते, सर."
अथर्व म्हणाला, "नाही, सर.
पानं उलटून बघा म्हणली."

तेव्हापासून मी वाकतो,
कंबर धरून, चष्मा सावरत.
माझा आकडा चारच्या वर गेला नाही.

मार्गशीर्षात पहिला तोडा. नऊ वांगी.
ताटं आता एक्केचाळीस.
फळ्यावर मांडलं. चौथीचे म्हणाले, भाग जात नाही.
अल्फिया म्हणाली, "कोमलचं धरलं का?"
बेचाळीस केले.
तरी जाईना.

तोवर चंद्रकलाबाईंनी
फळ्याकडं पाठ करून वांगी चिरली होती,
पातेल्यात टाकली होती,
आणि पळी अशी फिरवत होत्या
की कुणाच्या ताटात काय येईल
हे त्यांनाही कळू नये.

दहावं झाडावरच ठेवलंय, बियाला.
पिवळं पडायला लागलंय.
धोंडिबानं त्याच्या पाटीला दुसरं भोक पाडलं,
म्हणाला, "हे परतीचं."

शेळीनं अजून बघितलेलं नाही.