पायाखालची जमीन

कुतैसीच्या जमीन नोंदणी कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर
मी मोजपट्टी घेऊन पोचलो,
तर त्सियालाबाई म्हणाल्या, "आधी कॉफी."
मग म्हणाल्या, "मान दुखते ती वयानं. तसं लिहा आणि जा."

वयाचा रकाना मी कोरा ठेवला,
वाकून टेबलाखाली पाहिलं.
तपकिरी बूट लोंबत होते,
डाव्याची टाच झिजलेली,
फरशीपासून चार बोटं वर.

कुणाचं शेत कुठल्या ओढ्याशी संपतं,
कुणाच्या द्राक्षमांडवाचा खांब
शेजाऱ्याच्या हद्दीत पाय पसरून बसलाय,
सगळं बाईंना तोंडपाठ.
आणि स्वतः अकरा वर्षं
अधांतरी.

"खुर्ची ओतारची.
दारातून येतानासुद्धा मान खाली घालायचा, एवढा उंच.
तो गेल्यावर मला दिली."
खाली एक खटका असतो, मी म्हटलं.
"असतो?"

खटका दाबला.
खुर्चीनं एक लांब सुस्कारा टाकला
आणि बाई सावकाश खाली आल्या.
बूट टेकले. त्या काही बोलल्या नाहीत.
पायांनी फरशी जरा चाचपून पाहिली,
नदीत उतरताना पाहतात तशी.

पण आता टेबल उंच पडलं.
कोपर वर, खांदे कानाशी,
कीबोर्ड हनुवटीच्या वाटेवर.
हे काम असंच, एक टाका घालावा तर दुसरा उसवतो.
मुरमान शिपायानं करवत आणली.
"सरकारी टेबल आहे," साहेब दारातून म्हणाले.
"नोंद मीच करते," बाई म्हणाल्या, "चार बोटं, चारी पायांची."

भुसा पडला. मनगटं सरळ झाली.
पडद्यातली खिडकीची तिरीप जावी म्हणून
टेबल आडवं फिरवलं.
दर वीस मिनिटांनी लांब बघायचं, मी बजावलं,
डोळ्यांना बरं.
"लांब म्हणजे किती?"
समोरचा पूल चालेल.
त्या पुलाकडे इतका वेळ बघत राहिल्या
की मी पट्टी गुंडाळून ठेवली.

पडदा अजून थोडा खाली होता.
जुन्या नोंदवह्या द्या म्हटलं, तर नको म्हणाल्या.
भुशातून चार तुकडे उचलले,
फुंकर मारली,
आणि पडद्याच्या चार कोपऱ्यांखाली सारले.

बरोबर डोळ्यांच्या रेषेत आला.
मी मोजून पाहिलं.